शिल्लक उजेड

ईरवेन प्रिचर्डनं जुलैमध्ये बर्फ मागवला,
कागदाचा, तीनशे किलो,
कार्डिफपासून दीड तासावरच्या एका टेकडीवर.
तिच्या नावाचा अर्थही शुभ्र बर्फच, वेल्शमध्ये;
हा विनोद तिनं बजेटात धरला नव्हता.

मी तेव्हा छत्र्या धरायचो.
ती धरायची बाकी सगळं:
जनरेटरचं डिझेल, नायिकेचा दुखरा गुडघा,
मांस न खाणारे दोघे,
आणि तो मेंढपाळ, ज्याचं फाटक आमच्या ट्रकनं मोडलं.
त्याच्याशी ती तासभर मेंढ्यांबद्दलच बोलली.
फाटकाचे पैसे 'किरकोळ'मध्ये गेले.

सव्वीस वर्षं.
एकही दृश्य तिनं धड पाहिलं नाही;
पाहिलं ते घड्याळ,
आणि पश्चिमेकडून सरकणारा ढग.
मालिका संपली की तिचं नाव यायचं
इतक्या घाईत, की तिची आई
किटली खाली ठेवेपर्यंत निघून गेलेलं असायचं.
तरी फोनवर म्हातारी म्हणायचीच,
आज दिसलं हो.

आईच्या दफनाला युनिटमधले आम्ही अकराजण.
पाद्रीबुवांचं लांबत चाललेलं.
ईरवेननं डोळे बारीक करून आभाळ पाहिलं
आणि हळूच म्हणाली, मला की स्वतःला कोण जाणे:
चाळीस मिनिटं उजेड आहे.

मग ती खुर्च्या मोजायला लागली.
मी अडवलं नाही.
दोनदा मोजून झाल्यावर
शेवटच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून
ती उभीच राहिली.
एक जास्तीची आलीय, म्हणाली,
कुणी सांगितलं होतं हिला?