पाझर

सेगेदच्या तळघरात, सकाळी सहाला,
एमोके मायक्रोटोमचं चाक फिरवते
आणि मेणाच्या ठोकळ्यातून वेंडेल निघतो
चार मायक्रॉनची फीत होऊन,
कोमट पाण्यावर तरंगतो, सुरकुती न पडता.

एकेचाळीस वर्षं या माणसानं
तिसा नदीचा बांध राखला.
कागदावर फक्त क्रमांक, आणि दोन ठोकळे:
स्वादुपिंड. उजवं फुप्फुस.

दुपारी काचा माझ्या टेबलावर येतात.
पहिलीत नवं काही नाही.
क्रास नावाचं जनुक, बारावी जागा,
एक अक्षर बदललेलं,
एवढ्यानं ध चा मा झाला.
वाढ म्हटलं की वाढायचं, पुरे म्हटलं की थांबायचं,
बटणाची साधी रीत;
ते दाबलं गेलं आणि तसंच अडकलं.
घरात कोणी नाही, सगळे दिवे चालू.
भोवती तंतूंचं गच्च रान,
औषधाला पायवाटही ठेवली नाही.

दुसऱ्या काचेशी मी रेंगाळते.
केशवाहिनीच्या भिंतीत पेशी
एकमेकींचे हात धरून उभ्या असतात,
त्या हातांना आम्ही कॅडहेरिन म्हणतो.
पोटातून रक्तानं काहीतरी निरोप आणला
(तीन वर्षं झाली, मला तो धड वाचता आलेला नाही)
आणि बोटं सैल झाली.
हवेच्या पिशव्यांत गुलाबी पाणी.
वाहिनी फुटलेली नाही, कुठेच.

वॉर्डात त्याला भेटले होते, एकदाच.
दोन शब्दांमागे एक श्वास घेत म्हणाला,
"डॉक्टरीणबाई, बांध फुटला की सगळ्या गावाला दिसतं.
त्याच्या आधी, मागच्या कोरड्या रानात
बुडबुडा येतो, बशीएवढा, वाळू घेऊन.
तो बुजवायचा नाही. बुजवला की दुसरीकडे निघतो.
भोवती पोत्यांचं कडं करायचं,
पाणी आत चढू द्यायचं,
आपल्याच वजनानं गप होतं."
मी मान डोलावली.
मला तीन वाजता मीटिंग होती.

हॉस्पिटलच्या जुन्या भिंतीवर
पुराची रेघ आहे, माझ्या खांद्याइतकी उंच.
येता-जाता मी तिला बोट लावते, सवयीनं.

"काप कसे आलेत?" एमोके फोनवर विचारते.
छान, म्हणते मी. कुठे फाटलं नाही.
आणि भिंग पुन्हा खाली घेते, त्या गुलाबी पाण्याच्या काठाशी,
जिथे दोन पेशींमध्ये
केसाहून बारीक फट आहे,
आणि कडं करायचं ठरवलं तरी
पोत्यांत काय भरायचं ते मला माहीत नाही.