झाकण

मे संपायच्या आत घराभोवतीचं रान कापायचं,
नाहीतर नगरपालिकेची नोटीस, आणि ऑगस्टात वणवा.
गालिसियातल्या आमच्या डोंगरावर
हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

आज अठ्ठावीस तारीख.
काटेरी झुडपं कंबरेला लागलेली, नेचे खांद्याला,
आणि ट्रिमर दोन मिनिटं चालतो,
मग खोकतो, गळा काढतो, मरतो.

"प्लग!" बाबा खुर्चीतून ओरडतात.
सेकुंदिनो लामास, वय चौऱ्याऐंशी, ठार बहिरे.
त्यांच्या आयुष्यात जे जे बंद पडलं
ते प्लगमुळेच.
काढला. तपकिरी, कोरडा, सज्जन प्लग.
नेऊन दाखवला.
"मग दुसरा घाल."

बावीस वर्षं मी बाझेलच्या इस्पितळात काढली,
डायलिसिसच्या खाटांमधून.
तिथे एक गोष्ट हाडात मुरते:
पेशंट कुरकुरला की आधी नळी बघ.

तर नळी.
टाकी उपडी केली. गेल्या सप्टेंबरातलं पेट्रोल,
रंग जुन्या मधाचा, वास व्हार्निशचा.
ते डब्यात काढलं, नवं कालवलं:
पाच लिटरला शंभर मिली तेल, सिरिंजने मोजून.
(बाबा हसले. ते अंदाजाने ओतायचे
आणि धूर बघून प्रमाण सांगायचे.)
तारेचा आकडा करून फिल्टर वर ओढला,
गळाला मासा लागावा तसा.
काळपट होता. बदलला.
नळी वाकवून पाहिली: टाकीत शिरते तिथे
केसाएवढी चीर.
सापडलं, म्हटलं, सापडलं!
नवी नळी. कार्ब्युरेटरच्या पोटातला पडदा
पापडासारखा कडक, तोही नवा.
प्रायमरचा फुगा सात वेळा दाबला.
दोरी. दोरी. चोक उघडला. दोरी.

भर्रर्र!
खालच्या वस्तीतली कुत्री भुंकू लागली.
पट्टा खांद्यावर टाकून मी निघाले
ती चेस्टनटच्या पहिल्या झाडापर्यंत.
तिथे खोकला.

"प्लग!"

शेजारचा अमान्सियो भिंतीवर कोपरं टेकून होता.
"फेकून दे, देल्फिना. बॅटरीवाला घे."
मी उत्तर दिलं नाही. गवतातच बसले,
पेट्रोल उरलंय का बघायला
झाकण फिरवलं.

स्स्स्स.

बुडी मारलेलं पोर वर येऊन
पहिला श्वास ओढतं ना, तसा.
दोरी ओढली. पहिल्याच झटक्याला सुरू.
झाकण घट्ट केलं. दोन मिनिटं. बंद.
सैल केलं. स्स्स्स.
पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी,
आणि तिला वाटच नाही.

झाकणाच्या पोटात टाचणीएवढं एक भोक असतं.
ते पांढरं, गुळगुळीत बुजलेलं होतं.
नखाने खरवडलं. नाकाला लावलं.
चर्चचा वास आला.

आई दारात उभी, एप्रनला हात पुसत.
कोरडे होते हात, तरी पुसत.
"वास यायचा गं त्याचा," ती म्हणाली,
"कोठीत माझे वाळवलेले चेस्टनट.
थेंबभर मेण लावलं, बस.
कान्देलारियाच्या मेणबत्तीचं. पाद्र्याने आशीर्वाद दिलेलं.
विजेपासून, आगीपासून राखतं ते."

आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.
मग तिने एप्रनची सेफ्टी पिन काढून दिली.

अंधार पडेस्तोवर कापलं.
टाकी दोनदा भरली. एकदाही खोकला नाही.
घरात आले तेव्हा हात अजून थरथरत होते,
चमचा वाटीवर वाजत होता.
बाबांनी भुवया उडवून विचारलं: काय होतं?
आईने मान खाली घातली.

मी त्यांच्या कानाशी वाकले
आणि ओरडले, "प्लग!"

त्यांनी टेबलावर मूठ आपटली. बघा!
आणि आईने न बोलता माझ्या सुपात
एक चेस्टनट जास्त टाकला,
किंचित पेट्रोलच्या चवीचा.