सातची पोळी

बावड्यात सगळ्यांकडे पाडव्याची पोळी
दुपारी, गुढीला नैवेद्य दाखवून, पंगतीत.
आमच्याकडे सकाळी सातला.
भट्टीला सण नसतो,
आणि अण्णांची तिसरी पाळी
शिरोलीत साडेसहाला सुटायची.

आई पावणेचारला उठायची.
डाळ रात्रीच शिजलेली, येळवणी पातेल्यात निवत ठेवलेली,
गूळ शाहूपुरीतल्या अडतीवरचा, फुटक्या रव्याचा, म्हणून स्वस्त.
पुरणयंत्राचा दांडा मी आणि प्रताप
झोपेतच आळीपाळीनं फिरवायचो.
दारात दूधवाला हाक मारायचा, तर तव्यापासून उत्तर:
"आलो, आलो, एवढी उलथतो."
आमच्याकडे बायका आलोच म्हणतात.
पुण्याच्या मामींना याचं फार हसू.

नैवेद्याआधी माणसानं खायचं? एकदा विचारलं.
म्हणाली, देव रात्रभर घरात झोपलाय,
ह्यांचं तसं न्हाई.
तरी पहिली पोळी गुढीकडे जायचीच.
काठी अजून कोपऱ्यात टेकलेली,
तांब्या चिंचेनं घासून पालथा,
साडी घडीत.
त्या सगळ्या न उभ्या गुढीला ती पोळी दाखवून
तीच अण्णांच्या ताटात.

मग बोळात चेनकव्हरचा खडखडाट.
अण्णा नळावर तीनदा हात धुवायचे,
तरी नखांत काळी वाळू उरायची.
कडुलिंब चावून पाटावर बसायचे
आणि पोळी खायची सोडून
खिडकीच्या उजेडात धरायचे.

ते गाभे करायचे.
साच्यात वाळूचा गाभा ठेवायचा, भोवती लोखंड ओतायचं,
निवलं की गाभा फोडून झाडून टाकायचा.
राहते ती पोकळी. पंपाची, व्हॉल्व्हची.
"मी जन्मभर भोकं पाडली," म्हणायचे,
"ही भरत बसलीय."
"खावा आता," आई म्हणायची, "तूप थिजालंय."

पुरण कडेपर्यंत गेलंय का, कुठं फुगा, कुठं चीर.
पास.
पास.
ही रिजेक्ट.
रिजेक्ट पोळ्या आम्हा पोरांच्या, दुधात कुस्करून,
म्हणून आई लाटताना
प्रताप तिचा कोपर हळूच ढकलायचा.

कारखाना बंद पडून अकरा वर्षं झाली.
तिथं आता टाइल्सचं गोडाऊन आहे.
अण्णा कुठूनच येत नाहीत,
पण सात म्हणजे सात.

यंदा आई न्हाणीत घसरली.
उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात.
मी आदल्या रात्री कागलहून आलो
(हो, आलोच),
पदर खोचला, तर अण्णा म्हणाले, सरक.

कणीक मुठीत दाबून उघडली,
बोटांचे ठसे बघितले,
मग पाण्याचा एक हबका मारला.
पुरण आत ठेवून कडा अशा मिटल्या
की मला वाटलं, जमतंय.
लाटणं फिरलं आणि पोळी मधोमध फाटली,
पुरण तव्यावर सांडून करपलं.

तो वास.
लहानपणी दारामागच्या खुंटीला टांगलेल्या
त्यांच्या खाकी शर्टाला यायचा, तोच.
मला वाटायचं लोखंडाला असाच वास असतो.
"मळी," अण्णा म्हणाले, तवा खरवडत.
"वाळू बांधून राहावी म्हणून घालायचो. उसाचीच की."
इतक्या वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं,
मीही विचारलं नव्हतं.

आईनं डाव्या हातानं ती फाटकी पोळी उचलली,
खिडकीपाशी नेली,
आरपार तिला समोरच्यांची टाकी दिसली असणार.
"रिजेक्ट," म्हणाली.
दुसरी. रिजेक्ट.
तिसरी जाड, नकाशासारखी. रिजेक्ट.
अण्णांच्या कपाळावर पीठ,
घाम भट्टीपुढं यायचा तसा.

चौथी तिनं बराच वेळ धरून ठेवली.
काही बोलली नाही.
पाटावर बसली,
आणि मला म्हणाली, तूप आण.

साडेसात वाजून गेले होते.
काठी अजून कोपऱ्यातच होती.