रकाना

मंगळवारी चार वाजता चीता कॅम्पात
मल्लिगाच्या दारात चटई पडली की बैठक सुरू.
पेटीला तीन कुलुपं, तीन घरांत तीन किल्ल्या.
एक रझियाच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांमध्ये.
एक मल्लिगाच्या तांदळाच्या डब्यात.
तिसरी माझ्या गळ्यात, मंगळसूत्रात ओवलेली.
नवऱ्याने विचारलं, हे काय नवीन?
म्हटलं, हीपण गाठच आहे.

वही मी लिहिते. सातवी पास, एवढंच माझं भांडवल.
नाव, बचत, हप्ता, व्याज, उशिराचा दंड रुपये पाच.
रेघा मारायला पोराच्या कंपासपेटीतला
कोनमापक उलटा धरते.

बँकेच्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं,
तारण काय?
आम्ही बाराजणी एकमेकींकडे बघत राहिलो.
बाई म्हणाल्या, ठीक आहे, तेच लिहिते.

मग द्वारकाचा महिना आला.
पालिकेच्या माणसांनी तिची पाटी उचलली,
वजनकाटा, छत्री, सुकटीची दोन पोती, सगळं.
ट्रक गेल्यावर नाक्यावर वास तेवढा राहिला,
तो कुणाला उचलता येईना.
हप्ता चुकला.
पुढचाही.

एकीचा हप्ता चुकला की बाराजणींचं नाव खराब.
कुणी म्हणालं, भावाकडे माग.
कुणी म्हणालं, निदान काटा तरी सोडवून आण.
द्वारका चटईची एक काडी उपसत बसली.
तेव्हा मी काय म्हणाले ते वहीत नाही.
मी म्हणाले, नियम म्हणजे नियम,
हिला कमी करू, गटाचं पुढचं कर्ज तरी वाचेल.
माझ्या घरघंटीचा अर्ज
त्याच थप्पीत होता.

मल्लिगा, बोंबलाचा वास आला की उंबऱ्यावर पाणी मारणारी,
इडलीच्या पिठाचे हात पुसत म्हणाली,
माझा ओटा आहे. सकाळी पीठ, दुपारी ही.
नाक माझा, हप्ता सगळ्याचा.
तिची मराठी व्याकरणाला जुमानत नाही.
त्या दिवशी कुणी दुरुस्त केली नाही.

रझियाने रेक्झिनच्या पिशव्या शिवल्या, आतून दुहेरी अस्तर,
वास बाहेर येऊ नये म्हणून.
दप्तरं घ्यायला येणाऱ्या प्रत्येकीला एक दाखवायची.
पार्लरवाली जिजा भुवया कोरता कोरता विषय काढायची,
दोरा डोळ्यावर असताना
सुकट नको म्हणायची कुणाची छाती आहे?
चेंबूरच्या दोन इमारती अशा मिळाल्या.

बँकेच्या बाई याला नेटवर्किंग म्हणतात.
आम्ही म्हणतो, शब्द टाकणं.
वहीत त्याला रकाना नाही.
एका रात्री मी आखून बघितला,
कुणी कुणासाठी किती शब्द टाकले.
पान पुरेना.
माझ्या नावापुढे मात्र भरपूर जागा उरली.
रकाना खोडला. खोडलेला दिसतो अजून.

चौथ्या महिन्यात द्वारका आली,
पदराच्या गाठीत तीन हप्ते, दमट, खारट नोटा.
दंडाचे पंधरा वेगळे, सुट्टे.
म्हटलं, दंड राहू दे गं.
ती म्हणाली, लिही. नियम म्हणजे नियम.
हसली की नाही, कळलं नाही,
मी खाली बघून लिहीत होते.

बँकेत कॅशियरने नोटा नाकापासून लांब धरल्या,
पंखा वाढवला,
पण मोजल्या. दोनदा.

आता घरघंटीच्या कागदावर दोन जामीनदार हवेत.
रझियाची सही झाली.
दुसरी जागा कोरी ठेवून
मी मल्लिगाच्या ओट्यापर्यंत दोनदा जाऊन आले.
पहिल्यांदा पावशेर सुकट घेतली.
दुसऱ्यांदाही
सुकटच घेतली.