बर्फाचं वजन

जनरल सांतोसच्या बंदरावर सत्तावीस वर्षं
मानांग इसिंगने टूना तोलला.
पहाटे दोनला बोटी लागत.
ती काट्याशी बसे, कानामागे पेन्सिल, मांडीवर वही:
बेचाळीस किलो, अडुसष्ट, एकोणचाळीस.
माशाच्या पोटात कोंबलेला बर्फ
नुसत्या नजरेने ओळखून वजा करायची.
मुकादम वाद घालायचा. ती मान वर करत नसे.

आता काटा नाही. बास्केटबॉल आहे.
क्रिस्पुलोच्या वेल्डिंगच्या दुकानात टीव्ही,
आणि माझ्याकडे पुठ्ठ्यावर आखलेले शंभर चौकोन,
दहा उभे, दहा आडवे. चौकोनाला वीस पेसो.
सामना संपला की दोन्ही संघांच्या गुणांतला
फक्त शेवटचा आकडा बघायचा.
सत्त्याण्णव–चौऱ्याऐंशी, म्हणजे सात–चार.
कोण जिंकलं, ते आम्हाला विचारू नका.
आणि पोलिसांनी विचारलं तर
हा माझ्या पोराचा पाढ्यांचा तक्ता आहे.

बाकीचे आकडा लावतात
बायकोच्या वाढदिवसावर, मोटारसायकलच्या पाटीवर,
स्वप्नात आलेल्या बापाच्या हाताची बोटं मोजून.
मानांग इसिंग लावते अकरा वर्षांच्या वहीतून.
सिमेंट कंपनीचा संघ: सरासरी अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.
रंगकंपनीचा: एक्क्याण्णव पूर्णांक सात.
तिसऱ्या सत्रात किती, फ्री थ्रो किती वाया,
विमानातून उतरल्या रात्री किती घसरतात,
मागे पडलेले मुद्दाम फाउल करू लागले
की समोरच्यांचे गुण दोन-दोनने कसे चढतात.

मी एकदा म्हणालो, मानांग,
अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार गुण
आजवर कुणी केलेत का?
ती म्हणाली, अडुसष्ट किलोचा टूना तरी
अडुसष्ट किलोचा होता, असं वाटतं तुला?

त्या रात्री ती तीन–आठवर होती.
नऊ सेकंद उरले. एकशे तीन–अठ्ठ्याऐंशी.
सिमेंटवाले एकमेकांना मिठ्या मारत होते,
त्यांच्या प्रशिक्षकाने टाय सैल केला,
प्रेक्षक उठून जिन्याकडे निघाले,
क्रिस्पुलो शटरची किल्ली शोधू लागला.
मी मनात अठराशे पेसो मोजले,
माझे दोनशे आधीच बाजूला काढून.

तेवढ्यात रंगवाल्यांनी एक पोरगा मैदानात सोडला.
चव्वेचाळीस नंबर, जर्सी दोन मापं मोठी,
मोसमभर बाक गरम केलेला.
कुणी त्याला अडवलं नाही. कशाला अडवतील?
त्याने अर्ध्या मैदानातून चेंडू भिरकावला,
चिंचा पाडायला धोंडा मारावा तसा.
भोंगा वाजला. मग जाळी हलली.
एक्क्याण्णव.

तीन–एक. तो चौकोन उरला म्हणून
मी माझ्या मेहुण्याच्या गळ्यात मारला होता.
तो तेव्हा घरी झोपला होता.

कुणी शिवी हासडली, कुणी हसलं.
टीव्हीत तो पोरगा दोन्ही हात वर करून धावत सुटलेला,
बारा गुणांनी हरलेल्या सामन्यात
एकटाच जिंकलेला.

मानांग इसिंगने वही उघडली,
पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं.
मला वाटलं, जुनी सवय, तीन गुण वजा करेल.
सामना तर आधीच संपला होता.
तिने लिहिलं: एक्क्याण्णव.
मग बराच वेळ पानं मागे उलटत राहिली,
अकरा वर्षं, उलटी,
आणि म्हणाली, दोदोंग,
मी आपली मासा तोलत बसले.
तुम्ही पैसे लावत होता ते बर्फावर.

त्या पोराचं नाव काय, तिने विचारलं.
आरड्याओरड्यात कुणालाच ऐकू आलं नव्हतं.
तिने चव्वेचाळीसच्या पुढे जागा कोरी सोडली,
विसाची नोट माझ्या हातावर ठेवली,
उद्यासाठी.
चौकोन सांगितला नाही.