साठ पैसे

फॉर्मवर एक चौकट होती : साक्षीदाराची सही.
माझी सही त्याआधी दोनदाच कामाला आलेली,
एकदा बँकेत, एकदा बहिणीच्या सोडचिठ्ठीवर.
म्हणून मी नोझल हुकाला लावलं, हात पुसले,
मीटरवरचा आकडा तीनदा वाचून लिहिला :
अठ्ठेचाळीस हजार दोनशे बारा.
पहाटेचे चार दहा. पेठ नाका.

दस्तगीर मुल्ला, इस्लामपूर डेपोतून रिटायर.
बत्तीस वर्षं एसटी हाकली. म्हणाला,
एक दिवस बिनपॅसेंजरची चालवून बघतो.
चोवीस तासांत सोळाशे किलोमीटर.
खाली पार नेलमंगल, परत फिरून वर शिरवळ,
आणि शेवट इथं, माझ्या दोन नंबरच्या पंपाशी.

विट्याच्या शाळेत सतरा पोरांना
कानातली यंत्रं हवी होती.
लोकांनी किलोमीटरमागं बोली लावलेली :
कारखान्याच्या काटावाल्यानं रुपया,
नेर्ल्याच्या बचत गटानं चार आणे,
डेपोतल्या कंडक्टरांनी मिळून अडीच रुपये, तेही भांडून.
मी पाच पैसे.
ते नाणं आता कुणाच्या खिशात नसतं,
पण बोलीत चालतं. सगळे मिळून ऐंशी रुपये.

दिवसभर झोप लागली नाही.
रात्री पावणेबाराला तो खालून आला,
गळ्यातलं ओलं फडकं वाळून पुठ्ठा झालेलं.
दुधाच्या पिशवीत पावत्या : हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग,
कानडी अक्षरं, गोल गोल, जिलबीसारखी.
चहा दिला तर निम्मा बशीबाहेर.
गाडी बंद होती, हात अजून चालूच होते.
मी काहीतरी विचारलं.
तो म्हणाला, मोठ्यानं बोल,
कानात इंजिन बसलंय.
मग आपल्याच बोलण्यावर जरा थांबला,
खिशातले फुटाणे तोंडात टाकले, आणि गेला
खंबाटकीच्या अंधाराकडं.

तीन त्रेचाळीसला परत.
टॉर्च मारला. एकोणपन्नास हजार आठशे.
वजाबाकी केली, परत केली.
पंधराशे अठ्ठ्याऐंशी.

बारा कमी.
नकाशा कुठंतरी खोटं बोलला होता.

एअरवाला पोरगा म्हणाला, लिहा की सोळाशे,
बघतंय कोण इतक्या रात्री?
मीही म्हणालो, चाचा, माझ्यापुरतं सांगतो,
माझे साठ पैसे तेवढे कमी पडतील,
ते मी आत्ता देतो, वर रुपया देतो.

त्यानं हेल्मेट काढलंच नाही.
काचेआडून म्हणाला,
बत्तीस वर्षं शेवटच्या स्टॉपच्या अलीकडं
पॅसेंजर उतरवला नाही कधी.
आणि गाडी वळवली, कासेगावच्या बाजूला.

सत्तावीस मिनिटं होती. मी पंपावर उभा.
एक उसाचा ट्रॅक्टर आला, त्याला थांब म्हणालो.
एक कार आली, तिलाही.
मालकानं कॅमेऱ्यात बघितलं असेल, बघू दे.
कान रस्त्याला लावून उभं राहिल्यावर कळतं
हायवे कधीच गप्प नसतो,
त्यातली एकच गाडी ओळखायची म्हणजे
सगळ्या ऐकाव्या लागतात.

चार वाजून एक मिनिट.
एकोणपन्नास हजार आठशे तेरा.
एक किलोमीटर जास्तच, म्हणाला, तो माझ्यातर्फे.
उतरताना पाय सरळ होईना,
मी आणि ट्रॅक्टरवाला, दोघांनी धरून उतरवला.
मग मी सही केली : संपत गुरव.
गुरवमधला र जरा हालला आहे.

सुट्टीच्या दिवशी विट्याला जाऊन आलो.
वाटलं होतं, पोरं हसत असतील.
एक मुलगी, सात-आठ वर्षांची,
यंत्र काढून मुठीत धरून बसलेली.
बाई म्हणाल्या, तिला पंख्याचा आवाज सहन होत नाही,
लागेल सवय, वेळ लागतो.
मी पंखा बंद केला.
तिनं मूठ उघडली नाही, पण माझ्याकडं बघितलं.

पावत्यांची एक थप्पी चाचा माझ्याकडंच विसरला.
ड्रॉवरमध्ये आहे. शाई उडत चाललीय,
हुबळी गेली, दावणगेरेचं नुसतं दा उरलंय.
ऐंशी रुपये मी भरले. जास्तीच्या किलोमीटरचे पाच पैसे
अजून देणं आहे.
सुट्टे कुठं मिळत नाहीत.