हरकतीचा मुद्दा

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
चर्चमागच्या हॉलमध्ये आम्ही सातजण
बॅडमिंटनच्या रेघांवर टेबल ओढतो
आणि नकाशे उलगडतो. कागद मिटू पाहतो,
म्हणून चार कोपऱ्यांवर चार कप.
चहा गार होईपर्यंत कुणी उचलत नाही.

ग्विलिम पूर्वी सर्व्हेयर होता. त्याचं वाक्य ठरलेलं:
"आवडत नाही, हा मुद्दा होत नाही."
घराची किंमत उतरेल? मुद्दा नाही.
टेकडी दिसायची बंद होईल? नाही.
बिल्डर लबाड आहे? आहेच, पण तोही नाही.
उजेड कुणाचा अडतो, सांगा.
सांडपाणी कुठे जाणार, सांगा.
त्या बीचच्या झाडाची मुळं कुठवर गेलीत, सांगा.
बाकीचं घरी जाऊन मांजराला सांगा.

या वेळी कालव्याकाठची, कातडी कमावायच्या
बंद कारखान्याची जागा.
चार मजले, बावीस घरं,
त्यातली पाच परवडणारी.
त्या शब्दावर रशपाल हसला.
कुणाला परवडणारी, ते कुणी विचारलं नाही.

बिल्डरच्या चित्रात झाडं आधीच वाढलेली,
माणसं सडपातळ, आभाळ निळंशार.
असलं आभाळ थॉर्नबीवर मी एकसष्ट वर्षांत
नऊ-दहादा पाहिलं असेल.

मग ठरलं, कागदावर भांडून उपयोग नाही.
डिसेंबरातल्या एका दुपारी आम्ही
मॅव्हिसच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो,
कोटसुद्धा न काढता.
दोनला पाच कमी असताना ऊन आलं.
टेबलावर, ब्रेडच्या सुरीवर,
तिच्या हातांवरच्या फुगलेल्या शिरांवर.
रशपालनं घड्याळ लावलं होतं.
एकोणचाळीस मिनिटं.
मग ते फडताळ चढून निघून गेलं.
"एवढंच," मॅव्हिस म्हणाली,
"तेही ढग नसले तर."
मी वहीत लिहिलं: ३९ मिनिटं.
ढगांचं लिहिलं नाही.

रात्री इतिवृत्त पक्कं करायला बसले
तेवढ्यात मुलाचा फोन.
पस्तिशी उलटली, दीड तासावरच्या शहरात
एका खोलीत राहतो,
खिडकी उघडली की समोर विटा.
"आई, तिकडे काही मिळण्यासारखं निघालं तर कळव."
कळवते म्हटलं.
पेन तसंच हातात.

इतिवृत्तात असं काही येत नाही.
ठराव येतो: वरचा मजला कमी करावा.
सूचक ग्विलिम.
अनुमोदक मी. हात माझाच वर गेला होता,
सगळ्यांच्या आधी.

वरच्या मजल्यावर काय आहे
ते तेव्हा पाहिलं नव्हतं.
आता भिंगातून पाहते आहे:
लहान लहान चौकोन, पाच.
पाचही तिथंच.
खिडक्या दक्षिणेला.
ऊन किती मिनिटं,
ते कुणी मोजलेलं नाही.